विहिरीवरची जाळी

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीतून मुलाला थेरपीसाठी तालुक्याच्या गावी न्यायचं, तर आईचा दिवस कसा जातो ते आधी सांगते. सकाळची एस.टी. चुकली तर पुढची थेट साडेदहाला. गाडीत ड्रायव्हरमागची खिडकीच मिळायला हवी. नाही मिळाली तर ते सगळ्या गाडीला कळतं. उतरल्यावर रिक्षा, मग बाहेरच्या बाकावर थांबणं, मग पंचेचाळीस मिनिटं थेरपी, मग सगळं उलट्या क्रमाने. घरी पोचेपर्यंत तीन वाजून जातात. मजुरी बुडते, गुरांचं शेजारणीवर पडतं, आणि पायरी चढता चढता सासू विचारते, "बोलाक लागलो काय?" हे आठवड्यातून एकदा. आठवड्यात तास असतात १६८. त्या पंचेचाळीस मिनिटांशी माझं भांडण नाही, मी स्वतःही ती घेते. पण माझं खरं काम उरलेल्या तासांत असतं. ते घरात, खळ्यात, शाळेच्या पडवीत आणि बाजारात चालतं.

कागदोपत्री मी विशेष शिक्षिका. एका छोट्या संस्थेतर्फे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी जाते. स्कूटीच्या डिकीत चित्रांची कार्डं, चिकटपट्ट्या, बिस्किटांचा पुडा आणि गवंड्याकडे असते तसली मोजायची टेप. टेप कशाला, ते पुढे येईल. मुलांची नावं सांगणार नाही. ज्याच्याबद्दल जास्त लिहिणार आहे त्याला बाबू म्हणते. आमच्याकडे निम्म्या घरांत एक बाबू असतोच, त्यामुळे कोणी ओळखायची भीती नाही.

अंगणवाडीच्या वजनाच्या वहीवरून बाबू कधीच कोणाच्या लक्षात आला नसता. वजन उत्तम, चालायला वेळेवर लागलेला, ताप-खोकला बेताचा. कोणाला मारत नाही, काही मागत नाही, कोपऱ्यात बसून काजूच्या बियांची रांग लावतो. अशा पोराला आपल्याकडे गुणी म्हणतात. बोलत नव्हता, त्यावर आजीचं उत्तर तयार होतं: "तेच्या बापाशीन पण उशिरा तोंड उघडल्यान." सेविकाबाईंचा मला फोन आला तो बोलण्यावरून नव्हेच. त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्याला डब्यातला लाडू हवा असला की माझा हात धरतो आणि डब्यावर नेऊन ठेवतो. बोट नाही दाखवत. आणि माझ्या तोंडाकडे बघतच नाही."

आमच्या अभ्यासक्रमात पानभर लिहिलेलं लक्षण बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. दीड वर्षाच्या आसपास मूल कावळ्याकडे बोट करतं आणि वळून आईकडे बघतं. कावळा त्याला नको असतो. तिलाही दिसला ना, एवढंच बघायचं असतं. ते बोट आणि ते वळून बघणं, या दोन गोष्टींवर आम्ही सेविकांच्या बैठकीत जास्त वेळ घालवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. जन्मजात व्यंग, किडलेले दात, रक्तक्षय हे सगळं एका सकाळीत तपासता येतं. वळून न बघणारं मूल दिसायला निवांतपणा लागतो आणि तो सेविकेकडेच असतो. तिने आधी नाव टिपून ठेवलं असेल तर डॉक्टर नेमके त्या मुलापाशी थांबतात. बाबूच्या बाबतीत तसंच झालं. आधी कानांची तपासणी, कारण हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू येतं का हे पहिल्यांदा बघावं लागतं. आईला ती तपासणी निरर्थक वाटत होती. मासेवाल्याच्या गाडीचा भोंगा वाडीच्या टोकाला वाजला की हा घरातून पळत सुटायचा. कान खणखणीत आहेत हे तिला आमच्याआधीच माहीत होतं.

निदान झालं आणि पहिला आठवडा कारणं शोधण्यात गेला. आजीच्या मते सुनेने ग्रहणात विळी हातात घेतली होती. शेजारणीच्या मते मोबाइल. मुंबईहून आलेल्या आत्याच्या मते, बाळंतपणानंतर ही चार महिने डोंबिवलीच्या खोलीत एकटी राहिली, मुलाशी बोलायला कोण होतं? कारणं वेगवेगळी, पण आरोपी एकच. हे वाडीचं अडाणीपण असं कोणी समजू नये. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या स्थितीचं पहिलं तपशीलवार वर्णन केलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशातले नामवंतसुद्धा आईच्या कोरडेपणावर बोट ठेवत होते. शिकागोत मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील. हा आईच्या वागण्याचा परिणाम नसून मज्जासंस्थेच्या जडणघडणीचा भाग आहे, असं त्यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं, तरीसुद्धा. ही गोष्ट मी आयांना मुद्दाम सांगते. मोठमोठी माणसंही हेच बरळत होती हे ऐकून त्यांना जरा बरं वाटतं. एकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे त्या आवशींची कोणी माफी मागल्यान काय?" मी उत्तर न देता चहा संपवला.

घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं, तेव्हा मी विरोध करीन अशी त्यांची अपेक्षा होती. मी तारीख विचारून घेतली आणि हजर राहिले. मानकऱ्याने नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली, की ह्या घरातलं लेकरू बोलत नाही, त्याला वाट दाखव, त्याच्या आवशी-बापाशीक बळ दे, वाडीत त्याला कोणी काही बोललं असेल तर ते पोटात घाल. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं म्हणत होती, "व्हय म्हाराजा." दोन वर्षं आईबापाने झाकून ठेवलेली गोष्ट त्या अर्ध्या तासात सगळ्या वाडीची झाली. मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावून जनजागृतीचे कार्यक्रम केले आहेत. त्यांना खुर्च्या भरत नाहीत, आणि तिथे कोणी "व्हय" म्हणत नाही.

गाऱ्हाण्याचा खर्च नारळ आणि कोंबड्यात भागतो. मला राग येतो तो गुळगुळीत कागदावरच्या पत्रकांचा. एका कुटुंबाने शहरातल्या कुठल्याशा ठिकाणी मुलाला मूलपेशींची इंजेक्शनं द्यायची म्हणून काजूची बाग विकायला काढली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी हा उपचार मान्य नाही. रीतसर मंजूर झालेल्या चाचणीबाहेर तो देता येत नाही. हे सांगून भागत नव्हतं, कारण पत्रकात "संशोधन" असाच शब्द होता. शेवटी मी वडिलांना म्हटलं, "खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्यांना फोन करून एवढंच विचारा, फुकट करणार का?" त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून बराच वेळ समजावणं चाललं. मग त्यांनी फोन ठेवला आणि बाग पण ठेवली.

आता टेप. चौथं वर्ष लागलं आणि बाबू निघून जायला लागला. दार उघडं दिसलं की गेला. पळतो कुठे, तर पाण्याकडे. ओहोळ, पाणंदीतलं डबकं, सड्यावरचा खळगा. न सांगता निघून जाणारी आणि पाण्याची ओढ असलेली ही मुलं, हा धोका जगभर नोंदला गेला आहे. त्यांच्या अपघाती मृत्यूंत बुडण्याचा वाटा मोठा आहे. आणि आमच्याकडे तर घरटी बाव. कुठे चिऱ्यांचा कठडा गुडघ्याएवढा, कुठे एका बाजूने ढासळलेला, कुठे रहाटासाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला. मुलगा उभा राहिला की कठडा त्याच्या छातीच्या खाली येत असेल, तर तो नसल्यासारखाच. म्हणून पहिल्या गृहभेटीत कार्डं नंतर निघतात, आधी विहीर मोजते. नुसती त्यांची नाही, आजूबाजूच्या घरांचीही. आमच्या अहवालाच्या छापील तक्त्यात डोळ्याला डोळा देणं आहे, अनुकरण आहे, शौचाची सवय आहे. विहिरीचा रकाना नाही. तो मी पट्टीने आखून घेतला आहे.

या विहिरींनीच मला बाप मिळवून दिले. पालकसभेला आया येतात, आज्या येतात, क्वचित एखादी मावशी. पुरुष येत नाहीत. चिरेखाणीवर डंपर चालवणारा एक बाप मला सरळ म्हणाला होता, "मीटिंगीत बसान मी काय करतलंय?" त्याच्या प्रश्नात खोट नव्हती. आम्ही त्यांना बोलवायचो आणि भावना विचारायचो. पुढच्या वेळी मी निरोपच वेगळा पाठवला: रविवारी बावीर जाळी बसवायची आहे, ज्याच्याकडे वेल्डिंगचं यंत्र आहे त्याने घेऊन यावं. बोलावले होते त्यापेक्षा जास्त आले. अँगल, जाळी, बिजागऱ्या, कडी. पंपाचा पाइप जाईल एवढी फट, घागर काढता येईल असं एक झाकण, आणि त्याला मुलाला उघडता येणार नाही अशी कडी. पहिला तासभर लोखंडाचा भाव, मग तालुक्याचं राजकारण. जेवायच्या सुट्टीत एकजण भाकरी मोडता मोडता म्हणाला, त्याचा मुलगा रात्री दोनला उठतो आणि पहाटेपर्यंत घरभर फिरतो, बायको आणि तो आळीपाळीने जागतात. डंपरवाला म्हणाला, "माझो पण." मग कितीतरी वेळ सगळे झोपेबद्दलच बोलत होते: कोणी दाराला घुंगरू बांधलेत, कोण अंगणात खाट टाकून झोपतो, कोणाला दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर डुलकी लागते. मी काहीच विचारलं नव्हतं. त्यानंतर आमच्या पुरुषांच्या सभा अशाच होतात. झोपाळा टांगायचा असतो, फाटकाची कडी वर घ्यायची असते, शाळेच्या पडवीला कूड घालायचा असतो. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्याला "वडिलांचा सहभाग गट" म्हणतात. ते म्हणोत.

गोव्याचं इथे सांगायला हवं, कारण आमच्या आजारी माणसाची वाट मुंबईपेक्षा तिथल्या बांबोळीच्या रुग्णालयाकडेच जास्त जाते. गोव्यात 'संगत' ही संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. प्रश्न साधा होता: तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांबरोबर काम केलं तर उपयोग होतो का? बारा बैठका, सहा महिने. आईचा आणि मुलाचा खेळ व्हिडिओवर घ्यायचा आणि मग दोघींनी, म्हणजे आईने आणि कार्यकर्तीने, तो बसून बघायचा. आईचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं वाढलं आणि मुलं आपण होऊन संवाद सुरू करायला लागली, असं त्यात दिसलं. सगळ्याच बाबतींत फरक पडला असं नाही, आणि संशोधकांनी ते लपवलेलंही नाही. म्हणून माझा त्यावर जास्त विश्वास बसला. आमच्यासारख्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला वाचा-उपचारतज्ज्ञ येईपर्यंत मुलं मिसरूड फुटलेली होतील. कार्यकर्तीला तयार करता येतं, हे कोणीतरी मोजून दाखवलं हे आमच्यासाठी मोठंच होतं.

बाबूच्या आईबरोबर मी त्याच वळणाने गेले. तिच्याच फोनवर दहा मिनिटांचं चित्रण केलं. बाबू बसलाय, टोपलीतल्या काजूच्या बिया पातेल्यात ओततोय, पातेल्यातल्या टोपलीत. आई शेजारी: "ह्या काय? बाबू, ह्या काय? बी म्हण. बी. बाबू, इकडे बघ. किती आसत? एक… म्हण एक." तो हळूहळू तिच्याकडे पाठ करतो. आम्ही ते पडवीत बसून बघितलं. मी गप्प होते. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा ती म्हणाली, "मी पोलिसासारखी विचारतंय गो." तिसऱ्यांदा तिने एका जागी फोन थांबवला. तिथे ती खोकते, म्हणून दोन-चार क्षण तिचे प्रश्न थांबतात, आणि नेमकं तेव्हा बाबू मूठभर बिया उचलून तिच्या बाजूला धरतो. तिला तेव्हा ते दिसलंच नव्हतं. पुढच्या खेपेला तिने प्रश्न विचारले नाहीत. स्वतःची एक टोपली घेऊन बसली आणि त्याच्यासारखीच ओतायला लागली. तो थांबला. तिच्या टोपलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग आपलं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. ओतायची तिची पाळी होती.

हे वाचून कोणाला वाटेल की मग तो बोलायला लागला. नाही. तो आज शाळेत जातो आणि तोंडाने मोजकेच शब्द बोलतो. पण त्याला काय हवंय हे तो सांगू शकतो. आधी चित्रांच्या कार्डांनी, आता आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'जेलो' या फुकट ॲपने, ज्यात मराठीही आहे. आजीला फोनचा आधी राग होता, मोबाइलनेच हे झालं असं शेजारीण म्हणाली होती म्हणून. आता फोनमधून "पेज" असा आवाज आला की तीच आधी उठते. पेज म्हणजे उकड्या तांदळाचीच. दुसऱ्या तांदळाची केली तर तो वाडगा परत सरकवतो, आणि या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूची आहे.

आमच्या कामातला सगळ्यात लवकर फळणारा भाग कुठला असं विचारलं तर मी म्हणेन, मुलाला ओळखणारी माणसं वाढवणं. मूल बदलायला वर्षं लागतात आणि काही गोष्टी बदलत नाहीत. न्हावी एका महिन्यात तयार होतो. बाबूचे केस आई झोपेत कापायची, कात्रीने, वेडेवाकडे. बाजारातल्या सलूनवाल्याशी मी बोलले. त्याने मंगळवार दुपार दिली, तेव्हा दुकान रिकामं असतं. पहिल्या खेपेला फक्त खुर्चीत बसणं. दुसऱ्या खेपेला मानेभोवती कापड. यंत्राच्या घरघरीने तो किंचाळला, तर त्या भल्या माणसाने यंत्र खणात टाकलं आणि खण बंद करून दाखवला. केस कात्रीनेच कापले, तेही दुकानासमोरच्या पायरीवर. पैसे घेतले. मला ते आवडलं. फुकट कापले असते तर पुढच्या वेळी आई संकोचली असती. त्यानंतर त्याच्याकडे अशी तीन-चार मुलं जातात आणि आता तो मलाच शिकवतो, की मानेमागून सुरुवात करू नका, समोरून करा, कात्री दिसू द्या.

चतुर्थीला आमच्याकडे घरोघर भजनं फिरतात. पखवाज, झांजा आणि बंद खोलीत पंधरा-वीस माणसं. पहिल्या वर्षी बाबू कानावर हात दाबून माळ्यावर जाऊन बसला, आरतीनंतरही खाली येईना, आणि गणपतीच्या दिवसांत घरात रडारड नको म्हणून आईने भजनालाच नको सांगायचं ठरवलं. घरात गणपती आणि भजन नाही, म्हणजे घर वाळीत पडल्यासारखंच. बुवांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी त्या घरचं भजन खळ्यात घेतलं, झांजा पिशवीत ठेवल्या. पखवाज लांबून आला तर बाबूला चालतो हे तेव्हा कळलं. उलट तो दारात उभा राहून डोलत होता. बुवा उसळ-पाव खाताना म्हणाले, "पुढच्या वर्षाक पण भायरच बसू. आत उकाडता खूप." मुलाचं नाव न घेता.

शाळेचंही असंच काहीसं. बाबूची जिल्हा परिषदेची शाळा वीसच्या आतल्या पटाची. दोन शिक्षक, पहिली ते चौथी एकत्र, आजूबाजूला शांतता. बाईंना प्रत्येक मुलाचं घर माहीत. बाबू वर्गात फार वेळ बसू शकत नाही, तेव्हा तो पडवीत कुडाच्या आडोशाला जाऊन बसतो आणि पुन्हा आत येतो, आणि एवढ्याशा शाळेत याने काही अडत नाही. चौथीतल्या दोन मुलींनी आपण होऊन त्याच्या फोनवरची चित्रं पाठ केली आहेत. २०२३ मध्ये राज्यात कमी पटाच्या अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली, तेव्हा कागदावर तिचे फायदे बरेच दिसत होते: मोठं मैदान, प्रयोगशाळा, विषयाला शिक्षक. मला दिसत होती ती गच्च भरलेली गाडी, पाचशे मुलांची मधली सुट्टी आणि लोखंडी पत्र्याखालची घंटा. समावेशित शिक्षणावर शासनाची परिपत्रकं आहेत, चांगली आहेत. पण आमच्या बाबूसाठी समावेशन आधीपासून चालू होतं ते ज्या शाळा तोट्यातल्या म्हणून मोजल्या जातात त्यांच्यात. ही गोष्ट पटाच्या आकड्यात कुठे धरायची, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात रस कमी आणि गरज जास्त. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांत त्याची गणना झाली. प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, सत्तरपासून पुढे ऑटिझम धरतात. तपासणीच्या दिवशी काही मुलं नेमकी शहाण्यासारखी वागतात, म्हणून मी आयांना आधीच्या महिन्याचं टिपण आणि घरातली दोन-तीन चित्रणं बरोबर न्यायला सांगते. मग दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, न्यासाची 'निरामय' विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंतची. आणि मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान, आईबापाची सही चालत नाही. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे ऐकलं की सगळ्या खोल्यांत एकच शांतता पसरते, आणि मग कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारतं, आमच्या मागे काय. मी त्यावर सांत्वन करत नाही. वही काढते आणि विचारते: मुलाला रात्री झोपवू शकेल असं घराबाहेरचं माणूस कोण? बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही. मग आम्ही पन्नास वर्षांनंतरचं बाजूला ठेवतो आणि एका रात्रीचं बघतो.

बाबूच्या आईची एक रात्र अशी ठरली. तिच्या भाचीचं लग्न होतं, रत्नागिरीला, दोन मुक्काम. बाबू झाल्यापासून ती माहेरच्या एकाही कार्याला गेलेली नव्हती. लग्नाच्या गर्दीत त्याला नेणं म्हणजे तिने लग्न न बघणं. नवरा फॅक्टरीत रात्रपाळीला, आजीला गुडघ्यांमुळे पळता येत नाही. न्यासाच्या योजनांत अशा वेळी मुलाला काही दिवस ठेवून घेणाऱ्या केंद्राची सोय आहे, पण आमच्या आसपास तसं केंद्र नाही. उरली शेजारची काकी. पन्नाशीची, नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. निदानाच्या वेळी मोबाइलचं कारण सांगणारी शेजारीण ती हीच.

तयारीला आम्ही पुरेसा वेळ घेतला. आधी काकी संध्याकाळी तासभर बाबूकडे येऊन बसायला लागली, आई घरातच. मग आई परड्यात. मग आई बाजारात. मग एका रात्री बाबू काकीकडे झोपला आणि आई पलीकडच्या घरात रात्रभर जागी. भिंतीवर लावायचा कागद आईने स्वतः लिहिला: दिवा बंद करू नये, पंखा तीनवर, चादर फक्त निळी, रडला तर काही विचारू नये, शेजारी नुसतं बसावं, पेज मडक्यातल्या तांदळाची, मागच्या दाराची वरची कडी. काकीला वाचायला चष्मा लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं. त्याखाली माझा नंबर, डंपरवाल्याचा नंबर, सेविकाबाईंचा नंबर. काकीच्या बावीवर जाळी आधीच होती.

पहिल्या रात्री साडेनऊला मला काकीचा फोन आला. मी घाबरून उचलला. "मॅडम, पंखो तीनवर ठेवलंय पण ह्येका आवडना नाय. बटण दाखवता माका." मी म्हटलं, तो कितीवर करायला सांगतोय? फोनवर थोडी खुडबुड. "चारवर. आवस तीन म्हणता, हो चार म्हणता." मी म्हटलं, मग चार.

लग्नाहून आई परत आली ती तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने. संध्याकाळी मी गेले तेव्हा दोघी पडवीत बसल्या होत्या आणि बाबू खळ्यात बिया ओतत होता. जेवण काही खास नव्हतं, सोलकढी पाणचट होती, नवरामुलगा मात्र चांगला आहे, असं सविस्तर वर्णन झालं. काकीने तिची हकिगत सांगितली: पहाटे चारला तो उठला, तिने काही विचारलं नाही, शेजारी बसून विडी ओढली. "तुका आधी सांगितलंय ना, हेच्यासमोर विडी नको म्हणान," आई म्हणाली. काकीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग आई माझ्याकडे वळली. नणंदेकडे पुढच्या महिन्यात बारसं होतं, एकच मुक्काम. काकीकडे बघत ती म्हणाली, "जमात मा गो?"

"बारश्याक माका पण आमंत्रण आसा," काकी म्हणाली. "मी पण येतलंय. मगे ह्येका कोण बघतलो?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी वही काढली.